पळू नको

काळुराम मुकणेला नकला येतात हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. चेहरा असा, की त्याच्यापेक्षा भिंत बोलकी म्हणावी. पेणला एका गणपतीच्या कारखान्यात तो शाडूची माती मळायचा, आणि मळताना कोणी हाक मारली तर मान वर करायचा, बस. ना हो, ना नाही.

मी श्यामला टिपणीस, रोह्याची. अर्धा जन्म पेणच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेला, उरलेला शाळेची नाटकं बसवण्यात. निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, सुटले. पण गेल्या वर्षी निमिष नावाचा एक मुलगा घरी आला. पायात महागडे बूट आणि मनात चांगुलपणा, दोन्ही नवेकोरे. त्याच्या संस्थेला कातकरी आणि पोलीस यांच्यात संवाद घडवून आणायचा होता, तोही नाटकातून. म्हणजे दोघांनी मिळून एक नाटुकलं करायचं, रोह्याला मोठ्या हॉलमध्ये, वाड्यांसमोर आणि पोलिसांसमोर. उपक्रमाचं नावही त्याने छापून आणलं होतं, ‘पळू नका, बोलू या’.

नाव ऐकून मी त्याला चहा दिला. दुसरं काय देणार.

आमच्याकडे कातकरी वाडीत पोलिसांची गाडी शिरली की पुरुषमाणसं डोंगरात पळतात. काही केलेलं असो वा नसो. आजोबा-पणजोबांच्या वेळी चोराची जात म्हणून रोज पाटलाकडे जाऊन उभं राहावं लागे. ते दिवस गेले, तो पाटीलही गेला, पळणं मागे राहिलं. पोलीस म्हणतात, काही केलं नाही तर पळतात कशाला. कातकरी म्हणतात, पळालो नाही तर धरतात. दोघांचंही खरं, म्हणून हे मिटत नाही. आणि आम्ही गावातले लोक काय करतो? आमच्या घरातला तांब्या हरवला की पहिलं नाव अंगण झाडायला येणाऱ्या कातकरणीचं. तांब्या मागाहून मोरीतच सापडतो, पण तोपर्यंत तिचं नाव गल्लीभर झालेलं असतं. ते परत घ्यायला कोणी जात नाही.

पेणला एका शाळेच्या सभागृहात तालमी ठरल्या. निडी स्टेशनाच्या मागे डोंगराच्या पायथ्याला एक वाडी आहे, तिथली काही माणसं रेल्वेने आली. जवळच्या एका ठाण्यातून काही शिपाई आले. ठाण्याचं नाव मी घेत नाही, कारण मला याच तालुक्यात राहायचं आहे. एकीकडे खाकी, एकीकडे वाडी, आणि मधे निमिष बिस्किटं वाटतोय. सवयीने मी म्हटलं, “चला, आधी हजेरी घेते.”

दुसऱ्या दिवशी तालमीला फक्त पोलीस आले.

मला कळेना काय बिनसलं. रोह्याची गाडी पकडून निडीला उतरले, विचारत विचारत वाडीवर गेले. चंद्रावती म्हणून एक बाई कुडाला शेण लावत होती. काळुरामची बायको. तिने मला बसायला गोणपाट दिलं.

“बाई, तू हजेरी म्हनलीस ना?” ती म्हणाली. या वाडीत अहो-जाहो कोणी कोणाला करत नाही, तेव्हा मलाही तूच. “मंग कोन येल? आमच्याकडं हजेरी म्हंजे ठान्यात. कुठं चोरी झाली का बोलवतात, हजेरीला या. जाताना मानूस सरल जातो, येताना कसा येल ते देवाला ठाव.”

शाळेत जन्मभर जो शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला, त्याचा हा अर्थ मला माहीत नव्हता. मी म्हटलं, हजेरी नाही घेणार, या. ती म्हणाली, बघते. आणि मग तिने जनूचं सांगितलं.

जनू हा काळुरामचा धाकटा भाऊ. आई वीटभट्टीवरच गेली तेव्हा जनू अंगावर पिणारा. काळुरामनेच त्याला पाठीला बांधून वाढवला. पोर जेवायचं नाही, म्हणून काळुराम भेकराचा आवाज काढायचा, टिटवीचा काढायचा, भट्टीच्या मुकादमाचा काढायचा. पोराने हसायला तोंड उघडलं की त्यात भाताचा घास. असा तो नकलाकार झाला. पुढे वाडीत लग्न असो, बारसं असो, काळुरामला उभा करायचे. निडी स्टेशनावरची गाडी लेट असल्याची घोषणा तो अशी करायचा की फलाटावरची माणसं पिशव्या खाली ठेवायची.

तीन-चार वर्षांपूर्वी जवळच्या एका फार्महाऊसवरून पाण्याची मोटार गेली. गाडी आली, वाडी पळाली, जनू सापडला. ठाण्यातून तो परत आला तेव्हा त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मग उन्हाळ्यात फार्महाऊसवाल्याने विहीर उपसली तर मोटार तळाशी. दोर तुटून आत पडलेली. मालकाने ठाण्यात फोन करून तसं सांगितलं म्हणे. वाडीवर येऊन सांगण्याएवढा वेळ कोणाला होता.

“सांगितलं असतं तरी भागलं असतं,” चंद्रावती म्हणाली. “पन नाव तसंच ऱ्हायलं. आता कुठं कोंबडी जरी गेली ना, गाडी येते नि पयलं इचारते, जनू कुठाय? म्हून तो येत नाय. घाटावर भट्टीला ऱ्हातो. शिमग्याला पन नाय आला. नि ह्यो माजा नवरा, तवापासून एक सोंग केलं नाय त्यानं.”

हे सगळं ती शेणाचा हात न थांबवता सांगत होती. मीही ऐकलं. पाणी प्यायले आणि स्टेशनावर आले. वाईट वाटलं का असं कोणी विचारलं तर सांगता यायचं नाही. आपल्याला ठेच लागते तेव्हा आधी काहीच कळत नाही, तसं काहीतरी.

पुढच्या तालमीला ती सगळी आली, काळुरामही. कोपऱ्यात बसून राहिला. नाटुकलं मीच लिहिलं होतं, साधंच. चोरी होते, गाडी येते, सगळे पळतात, एक जण उभा राहतो, हवालदार त्याच्याशी नीट बोलतो, गैरसमज दूर होतो. मीच लिहिलं, त्यामुळे जास्त बोलत नाही. हवालदाराच्या कामाला एका खऱ्या शिपायाला घेतलं, तर तो जन्मात पोलीस पाहिला नसल्यासारखा बोलायला लागला. मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. शेवटी पदर खोचून ओरडणार, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

“काय रे ए, नाव काय तुजं? मोठ्यानं बोल, कानात माती गेली काय?”

दोन शिपाई उभे राहिले. खरंच, खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि मग काळुरामला बघून परत बसले. तो आवाज कोणाचा ते त्यांच्यापैकी कोणी सांगितलं नाही. सुशील म्हात्रे नावाचा शिपाई होता, त्याने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

हवालदाराचं काम काळुरामला दिलं. आणि जो उभा राहतो त्या कातकऱ्याचं काम सुशीलने मागून घेतलं.

हा सुशील पेणच्या खाडीकडच्या गावातला, बाप मिठागरावर राबलेला. अंगाने भरलेला, स्वभावाने लाजाळू. गावच्या जत्रेतल्या नाटकात मिशी येईपर्यंत बायकांची कामं करायचा, ते सांगताना अजून खूश व्हायचा. पण सुरुवातीला एकदा त्यालाही सगळ्यांबरोबर पळायचं होतं, आणि तो प्रवेश आला की त्याची फजिती. शिट्टी वाजली की वाडीची माणसं क्षणात नाहीशी व्हायची आणि हा आधी मागे वळून बघायचा.

“मागं बगायचं नाय रं,” वाडीतल्या बायका हसायच्या. “मागं बगनारा घावतो.”

“गाडी किती लांब हाय ते नको बघायला?” सुशील विचारायचा.

“लांब हाय का जवल, तुला काय करायचं? तू पळ.”

सुशील पळायला शिकला. तालमीनंतर ते सगळे एकत्र वडापाव खायचे. काळुराम त्याला आधी ‘साहेब, तुमी’ म्हणायचा. वाडीत तुमी म्हणवून घेणारे फक्त पोलीस. एक दिवस मी ऐकलं, तो म्हणत होता, “सुशील, तू मिरची नाय खात?” निमिषच्या उपक्रमात तेवढं एक झालं. त्याला मात्र ते कळलं नाही, कारण तो तेव्हा फोटो काढत होता.

काळुराम काम फार चांगलं करायचा, पण एक ओळ खायचा. हवालदार त्या उभ्या राहिलेल्या माणसाचा दंड धरतो आणि म्हणतो, “पळू नको. तू काही केलं नाहीस ना? मग बोल.” सगळं नाटक चढत चढत त्या ओळीपाशी पोचतं. काळुराम दंड धरायचा आणि थेट पुढच्या वाक्यावर जायचा. मी आठवण केली की मान हलवायचा. पुन्हा प्रवेश लावला की पुन्हा तेच. पाठांतराला तो कच्चा नव्हता, बाकी सगळं त्याला दुसऱ्यांचंसुद्धा पाठ होतं. मला राग आला. मी लिहिलेली ओळ म्हणून जास्तच आला.

“काळुराम, नाटक नको असेल तर तसं सांगा,” मी सगळ्यांसमोर म्हटलं. “माझी ओळ खाल्लेली मला चालायची नाही.”

त्याने नेहमीसारखी मान हलवली. चेहऱ्यावर काही नाही. तालीम संपल्यावर चंद्रावती माझ्यामागे पायरीपर्यंत आली.

“बाई, ती ओल काढून टाक.”

“का गो?”

“त्या दिशी सगली पलाली ना, तवा जनू पन निगालावता. ह्यानं त्याचा दंड धरला. पळू नको म्हनला. आपन काय केलं नाय, पळला तर चोर ठरशील, उभा ऱ्हा. म्हून दोगं उभी ऱ्हायली. ह्याला ढकलून दिला नि त्याला गाडीत घातला.”

मी पायरीवर बसले.

“हे असलं ह्याला कुणी शिकवलं, आमच्यात असं कोन म्हनत नाय,” ती म्हणाली. “कारखान्यात ऐकलंवतं. सरल मानसानं कशाला पळायचं, असं सगली म्हनतात ना तुमच्यात.”

म्हणतात. मी स्वतः किती वेळा म्हटलं असेल. आणि तेच चांगल्या अक्षरात लिहून नाटकाच्या मधोमध ठेवलं होतं.

निमिषला मी सांगितलं, ओळ काढते. तो म्हणाला, मॅडम, उपक्रमाचं नावच ते आहे, बॅनर झालाय, पोलिसांचे मोठे साहेब येणार आहेत. मी म्हटलं, मग बॅनरच उभा करा रंगमंचावर, त्याला पाठांतर लागत नाही. तो हिरमुसला. मग मी काळुरामला एकटं गाठून म्हटलं की ओळ नाही म्हटली तरी चालेल, मी सांभाळून घेईन.

“बाई, मी बोलतो कायतरी. तू काळजी नको करू,” तो म्हणाला. त्याला वेगळंच विचारायचं होतं. “नाटक केल्यावर ती लोकं वाडीत येऊन सांगतील का? जनूनं काय नेलं नाय म्हनून. वर्दीवाल्यानं एकदा सांगायचं, सगल्या वाडीसमोर. तवा तो येल. आमी सांगून काय उपेग, आमी तर भाऊच.”

नाटकात का शिरला होता ते तेव्हा कळलं. कलेसाठी नाही, संवादासाठी तर नाहीच. त्याला एका वाक्याचं काम होतं. मी निमिषला विचारलं. निमिष म्हणाला, ती प्रक्रिया वेगळी आहे.

रोह्याचा प्रयोग हिवाळ्यात झाला. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत खाकी, दुसऱ्या रांगेत आमच्या रोह्याची नटूनथटून आलेली मंडळी, माझे दोन चुलतभाऊ धरून, आणि मागे वाड्यांची माणसं. ती बसायला तयार नव्हती, दाराजवळ उभी होती. सुशीलने स्वतःचा जुना खाकी सदरा काळुरामला घालायला दिला होता, बिल्ला काढून. स्वतः काळुरामचा सदरा घातला, तो त्याला पोटावर बसेना.

गाडीचा आवाज काळुरामनेच विंगेतून तोंडाने काढला. दाराजवळची माणसं हलली. मग तो आत आला, आणि त्या चालीने आला की पहिल्या रांगेत कोणीतरी कोणाला तरी कोपर मारलं. सगळे पळाले, सुशील उभा राहिला. काळुरामने त्याचा दंड धरला.

आणि थांबला.

इतका थांबला की मी विंगेतून ओठ हलवून पुढचं वाक्य सांगायला लागले. सुशील त्याच्याकडे बघत होता. काळुरामने हवालदाराचा आवाज सोडून दिला आणि त्याच्या स्वतःच्या आवाजात, हळू, पण माईक वरच टांगलेला होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, तो म्हणाला, “पळ.”

सुशील जागचा हलला नाही.

“पळ जनू. मागं बगू नको.”

हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना वाटलं, पोलीसच चोराला पळ म्हणतोय, काय विनोद आहे. टाळ्या पडल्या. पडदा कोणी पाडला मला माहीत नाही, मी पाडला नाही. सुशील तिथेच उभा होता, काळुरामच्या हातात दंड देऊन.

नंतर निमिष म्हणाला, शेवट जरा उलटा गेला, पण प्रतिसाद छान होता. साहेब म्हणाले, कलाकार गुणी आहे. माझे चुलतभाऊ म्हणाले, श्यामले, तुझी कातकरी मंडळी धमाल करतात गं. मी सगळ्यांना हो म्हटलं आणि घरी जाऊन जेवले. जेवण गेलं, हेच मला नंतर विचित्र वाटलं.

सुशील दोन दिवसांनी माझ्या घरी आला. ओसरीवर बसला, चहा घेतला नाही.

“बाई, त्या दिवशी गाडी मी चालवत होतो,” तो म्हणाला. “जनूला उचलला तेव्हा. मी खाली उतरलो नाय. स्टेअरिंगवरच होतो. मोटार विहिरीत सापडली तो फोन पण माझ्यासमोर आला. मला वाटलं, कोणीतरी सांगेल वाडीवर.”

“मग आता तू सांग,” मी म्हटलं.

“मी शिपाई आहे, बाई. माझ्या सांगण्याला काय किंमत.”

“तिथे आहे.”

तो ओसरीवरून उठला आणि गेला. मला त्याचा राग आला नाही, कीवही आली नाही. अशी माणसं आपल्या आजूबाजूला भरली आहेत, मीही त्यातलीच आहे, असं वाटलं आणि मी भांडी घासायला घेतली.

पुढे माघात कोलाडच्या बाजूला एका हॉटेलच्या मागून तांब्याची केबल गेली. गाडी वाडीवर आली. नवीन फौजदार, गाडी चालवायला सुशील. वाडी पळाली, या वेळी बायकाही पोरं घेऊन रानात. हे पुढचं मला काळुरामनेही सांगितलं आणि सुशीलनेही, आणि दोघांचं जुळतं.

काळुराम पळाला नाही. मी विचारलं, का? “भ्यालो नवतो असं नाय,” तो म्हणाला. “धीर पन नवता. पाय उचललाच नाय, बाई. उचलायचा असतो हे आठवलं नाय.”

तो अंगणात उभा राहिला. फौजदार खाली उतरला आणि त्याने वाडीवर पाऊल ठेवून पहिलं वाक्य तेच म्हटलं, जे त्याला ठाण्यात आल्या आल्या कोणीतरी सांगून ठेवलेलं असणार. “जनू कुठाय?”

तेव्हा सुशील गाडीतून उतरला. दार उघडंच ठेवून पुढे आला.

“साहेब, जनू मुकणेने काही नेलं नव्हतं,” तो म्हणाला. “ती मोटार विहिरीत सापडली होती. मी होतो तेव्हा. चूक आपली झाली. त्याचं नाव घेत जाऊ नका.”

फौजदार त्याच्याकडे वळला. “तुला कोणी विचारलं?” म्हणाला. सुशील म्हणाला, कोणी नाही. मग फौजदार गाडीत बसला, सुशील गाडीत बसला, गाडी गेली. मारझोड नाही, उचलाउचल नाही, काही नाही. जे वाक्य ऐकण्यासाठी काळुरामने तोंडाला रंग लावला होता, ते खऱ्या वर्दीतल्या माणसाने खऱ्या वाडीत उभं राहून म्हटलं, आणि ऐकायला तिथे काळुराम आणि एक बांधलेली शेळी.

संध्याकाळी माणसं डोंगरातून उतरली. काळुरामने सगळ्यांना गोळा केलं आणि झालं ते सांगितलं. आता तो नकलाकार. सुशीलचं वाक्य सांगायचं तर ते सुशीलच्याच आवाजात येणार. ते त्याने अगदी तंतोतंत केलं, तो अडखळला तिथे अडखळून. फौजदाराचं वाक्य फौजदाराच्या आवाजात. वाडी हसायला लागली. किती दिवसांनी काळुरामने सोंग केलं म्हणून म्हातारी माणसं खूश झाली. एक जण म्हणाला, परत कर, परत कर.

“आरं सोंग नाय, खरं हाय,” काळुराम म्हणाला.

ते तर आणखी मजेचं वाटलं लोकांना. चंद्रावती तेवढी हसली नाही, पण तिनेही विचारलं, नाटकात घेतलंय का ह्ये आता?

त्याने जनूला फोन लावला, भट्टीवर. जनूने उजव्या कानाशी धरून सगळं ऐकलं. काळुराम सांगताना पुन्हा सुशीलच्याच आवाजात गेला, त्याला दुसरं येतच नाही. जनू म्हणाला, “दादा, लय झ्याक जमतो तुला. लहानपनी असाच जेववायचास.” आणि मुकादमाने हाक मारली म्हणून फोन ठेवला.

मग काळुराम माझ्याकडे आला, रोह्याला. निडीवरून एकच स्टेशन, पण माझ्या घरी तो पहिल्यांदाच येत होता. दाराबाहेर चपला काढून उभा.

“बाई, तू सांग त्याला,” म्हणाला. “तुला सोंग येत नाय.”

मी आयुष्यभर नाटकं बसवली. एवढं खरं मला कोणी सुनावलं नव्हतं. आणि त्याला टोमणा मारायचा नव्हता, त्याचं काम होतं तेवढंच त्याने सांगितलं. मी सुशीलला आधी फोन केला आणि म्हटलं, तूच बोल जनूशी. तो म्हणाला, त्याची जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली आहे, सामान बांधतोय. मग म्हणाला, बाई, मी फोनवर बोललो तर त्याला वाटेल, हा दादाच माझा आवाज काढतोय. तेही खरं होतं.

तेव्हा मीच जनूचा नंबर लावला. काळुराम ओसरीच्या खांबाला पाठ टेकून बसला. पलीकडे भट्टीवरचा गलका होता. मी नाव सांगितलं, नाटकवाली बाई म्हटल्यावर त्याने ओळखलं. मी शाळेत धडा वाचायचे तसं सपाट आवाजात सगळं सांगितलं. गाडी आली, वाडी पळाली, काळुराम उभा राहिला, फौजदाराने तुझं नाव विचारलं, सुशील उतरला आणि त्याने असं असं म्हटलं.



“बाई, ह्ये नाटकातलं का खरं?”

“खरं.”

“दादा एकटाच उभा व्हता?”

“हो.”

“पळाला नाय?”

“नाही.”

“मंग त्याला मारला आसंल.”

“नाही मारला. कोणी हातही लावला नाही.”

शिमगा आठवड्यावर आला होता, मी विचारणार होते, येतोस का म्हणून. काळुराम माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर नेहमीसारखंच काही नव्हतं. फक्त एक हात त्याने दुसऱ्या हाताच्या दंडावर घट्ट धरला होता.

“बाई,” जनू म्हणाला, “परत एकदा सांग. पयल्यापासून.”

मी फोन दुसऱ्या हातात घेतला आणि परत सांगायला लागले. गाडी आली. वाडी पळाली. तुझा दादा उभा राहिला.